सदूची बंदूक का उडाली नाही

१

पाळण्याची कडी कुरकुरायची थांबली आणि घर एकदम गप्प झालं. सात महिन्यांची कमळ दुपारभर रडून रडून आत्ता कुठं डोळे मिटून पडली होती. जनीनं दोरी हलकेच सोडली, कंबर सरळ केली, आणि तेवढ्यात ओटीवर आवाज झाला.

ठप्प.

एवढासाच आवाज. पाटावर भोपळा टेकवावा तसा. कमळ हललीसुद्धा नाही. पण जनीनं कान टवकारले.

तिचं माहेर हरिहरेश्वरचं. बापाकडं वाडीच्या राखणीची ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजानं ते सगळं ठासून बसवायचं. बोळे वळून द्यायचं काम लहानपणी जनीचं. बाप रोज सकाळी गज रिकाम्या नळीत सोडायचा. टण्ण करून तो घंटेसारखा वाजायचा नि वर उडायचा. बाप म्हणायचा, "ऐक पोरी. नळी गाते तवर ती रिकामी. गप बसली की समज, तिच्या पोटात काय तरी हाय."

आणि आत्ता ओटीवरची नळी गायली नव्हती.

जनी उंबऱ्यापर्यंत आली. तिचा नवरा हरेश्वर पाटावर बसला होता. बंदुकीचा दस्ता जमिनीला, नळी दोन्ही गुडघ्यांत उभी धरलेली. आतलं नीट दिसावं म्हणून त्यानं एक डोळा बारीक करून दुसरा थेट नळीच्या तोंडाला लावला होता.

ओरडावं तर तो दचकणार. जनी हळूच म्हणाली, "आवं, जरा तोंड बाजूला घ्या."

"का गं?"

"घ्या म्हनते ना. आनि घोड्याला हात लावू नका."

त्यानं मान वर केली. "रिकामी हाय ती. गोदूवहिनीनं सांगितलं, पाच महिनं खुंटीवर व्हती, कोनी हात लावला न्हाय."

"म्हनूनच," जनी म्हणाली. "कोनी हात लावला न्हाय, मंजी ती रिकामी कोन करनार? गज पडला तो आवाज ऐकलात ना? ती भरलेली हाय."

हरेश्वरनं बंदूक अंगापासून लांब धरली, जशी काही ती आत्ता त्याला चावणार होती.

आत जे भरलेलं होतं ते सदूनं, मरायच्या आधी घटकाभर, स्वतःच्या हातानं भरलेलं होतं.

२

सदूचं मरण दिवेआगरात सगळ्यांना पाठ होतं. कोजागिरीच्या आदल्या पहाटे डोंगरातली डुकरं पिकल्या भातात उतरली. सदू बंदूक घेऊन धावला, त्याच्याबरोबर त्याचा जिवाचा दोस्त हिरामण, हातात नुसता कोयता. मोठं सुळेवालं डुक्कर अंगावर आलं. सदूनं चाप ओढला. बंदूक उडाली नाही.

का उडाली नाही, याची गावात तीन उत्तरं होती. बहुतेकांचं म्हणणं, हिरामणची दारू ओली होती. सदूची संपली होती म्हणून आदल्या दिवशी त्यानं हिरामणच्या दारू ठेवायच्या शिंगातून घेतली होती. काही म्हणत, तुळशीराम लोहारानं घोड्याची कमान नीट बसवली नाही. आणि ज्यांना मेल्या माणसाचंही भलं बोलवत नाही ते म्हणत, सदूनं माडी घेतली असणार, दारू घालायचीच विसरला.

आता सदूची बायको गोदूबाई लेकीला घेऊन मुरुडला माहेरी चालली होती. बंदूक विकून तिथं एक म्हैस घ्यायची, एवढाच तिचा पुढचा आधार. परवाना हरेश्वरच्या नावावर होईल असं पाटलांनी कबूल केलं होतं. बघायला म्हणून बंदूक घरी आली, तीन दिवसांच्या बोलीवर.

जनीची सासू भागुबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "मानूस खाल्लेली बंदूक माझ्या घरात नको."

"मग डुकरांना काय हळदीकुंकवाला बोलवायचं?" हरेश्वर म्हणाला होता. गेल्या साली त्यांचं निम्मं भात डुकरांनी लोळवलं होतं.

त्या संध्याकाळी जनी कमळला कडेवर घेऊन गोदूबाईकडं गेली. गोदूबाई अंगणात बसून भांडी गोणत्यात भरत होती. तिची सहा वर्षांची नलू पोफळीच्या वाळल्या विरीत, म्हणजे झावळीच्या होडीसारख्या रुंद बुंध्यात, चिंधीची बाहुली निजवत होती.

"घेनार न्हाय का मग?" गोदूबाईनं वर न बघताच विचारलं.

"आत्याबाई न्हाय म्हनतात, हे व्हय म्हनतात. राहिले मी. म्हनून आले." जनी टेकली. "गोदूवहिनी, रागवू नका. ती भरलेली हाय. भावजींनी भरली तशीच."

गोदूबाईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मग ती म्हणाली, "मंजी दारू घालायला विसरले न्हवते."

"काय तरी घातलंय खरं. काय ते काढल्यावर कळंल."

"माडी घेत न्हवते हो ते. नवरात्रात तर थेंब न्हाय." पदराचं टोक तिनं डोळ्यांना लावलं. "खंडेनवमीला सगळी हत्यारं मांडली आमी. विळा, कोयता, बंदूक. आमच्या घरात वाडीची पयली सुपारी देव म्हनून राखनीच्या हत्यारापुढं ठेवतात, कापसाचं वस्त्र घालून. दसऱ्याला ती वाडीत पुरायची. या साली दसऱ्याला पाटावर सुपारीच न्हवती. उंदरानं नेली. तवाच समजायला हवं व्हतं मला."

"पूजेला कोन कोन व्हतं?"

"आमी तिघं. आनि..." ती थांबली.

इकडं नलूनं कमळला मांडीवर मागून घेतलं होतं. विरीत निजवून ती तिला फडक्यात गुंडाळत होती. आधी पायांकडचं टोक वर, मग डावी बाजू, मग उजवी, आणि शेवटचं टोक हनुवटीखाली खोचलेलं.

"गाठ मार गं, सुटंल," जनी म्हणाली.

"न्हाय. गाठ टोचते," नलू गंभीरपणे म्हणाली. "खोचलं की बाळ निजतं."

कमळ खरंच गप्प पडून तिच्याकडं टकमक बघत होती. जनीला हसू आलं. मग ती पुन्हा गोदूबाईकडं वळली. "आनि कोन व्हतं वहिनी?"

गोदूबाईनं पातेलं गोणत्यात आदळलं. "कोयता पुजायला आलं व्हतं कोन तरी. त्याचं नाव या अंगनात घ्यायचं न्हाय."

३

हिरामण खाडीच्या कडेला काथ्या वळत बसलेला सापडला. एके काळी गावात त्याच्यासारखा पोफळीवर चढणारा नव्हता. एका झाडावरून झोका घेऊन तो दुसरं झाड धरायचा, जमिनीला पाय न लावता अख्खी वाडी उतरवायचा. पाच महिन्यांत कुणी त्याला झाडाला हात लावू दिला नव्हता.

जनीनं विचारलं ते त्यानं ऐकून घेतलं. बराच वेळ काथ्याच वळला.

"माझी दारू ओली व्हती, वयनी," तो म्हणाला.

"बघितलीत?"

"न्हाय."

"मग कशावरून?"

"गाव म्हनतं."

"गावानं तरी बघितली का?"

त्यानं उठून झोपडीतून दारूचं शिंग आणलं. तोंडाला मेण लावून बंद केलेलं, वर धुळीचा थर. "त्या दिसापासून उघडलं न्हाय. उघडून ठिनगी टाकली आनि पेटली न्हाय, तर मी मारला त्याला. आनि पेटली..." त्यानं शिंगावरची धूळ बोटानं पुसली. "पेटली तर मग सदू कशानं गेला, सांगा. कुनाच्या तरी माथी बसाया हवं ना. माझ्या बसलंय, बसू द्या."

"तुमी जवळ व्हता. चाप ओढला तेव्हा काय ऐकलंत?"

हिरामणनं डोळे मिटले. "टोपी फुटली. चट् करून. झालं, वाटलं मला, आता बार उडनार. आनि कायच न्हाय, वयनी. सदूनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय. नवल वाटल्यागत."

जनीनं मनात टिपून ठेवलं. टोपी म्हणजे घोड्याखाली बसते ती तांब्याची, इवल्याशा वाटीसारखी टिकली. घोडा तिच्यावर पडला की ती फुटते, तिची आग बारीक छिद्रातून नळीतल्या दारूला लागते. टोपी फुटली असेल तर घोडा नीट पडला. पण आवाज ऐकल्याचं सांगत होता हिरामणच, आणि गाव त्याचं कशाला खरं मानेल?

"उद्या सकाळी तुळशीरामभाऊंच्या भट्टीवर या," ती म्हणाली. "बंदूक उघडनार हाय."

"मी न्हाय येनार."

"तुमच्या दोस्ताचा शेवटचा बार हाय तो," जनी म्हणाली. "तुमच्याशिवाय कोनी काढावा?"

४

तुळशीराम लोहाराला आधी रागच आला. "माझ्या घोड्यावर संशय? भादव्यात कमान बदलली मी, नवी घातली. या बाईमानसाला काय कळतंय बंदुकीतलं?"

"तिला कळतंय," हरेश्वर म्हणाला. "तिला कळलं नसतं तर आज माझा डोळा कुठं असता देव जाने."

"बरं," तुळशीराम म्हणाला, "डोळा तसाही तुझा कामाचा न्हाय."

भट्टीपासून लांब, उंडणीच्या झाडाच्या सावलीत त्यानं बंदूक आडवी ठेवली, तोंड खाडीकडं. भागुबाई सुनेच्या मागोमाग आलीच होती. "मी काय बघायला आले न्हाय" असं म्हणत सगळ्यात पुढं उभी राहिली. हिरामणही आला, पण कुंपणाबाहेरच थांबला.

तुळशीरामनं घोडा हळूच उचलला. खाली टोपी होती. फुटलेली, कडा जास्वंदीच्या पाकळ्यांसारख्या बाहेर वळलेल्या.

"बघा!" तो ओरडला. "बघा माझी कमान! याहून जोरात काय देवानं पाडायचा घोडा?"

एक उत्तर गळालं. लोहाराचा दोष नव्हता.

मग त्यानं गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा बसवला, आत फिरवून फिरवून वरचा बोळा ओढून काढला. छर्रे खळखळून खाली अंथरलेल्या विरीवर पडले. दुसरा बोळा निघाला. आणि मग नळी कलती केल्यावर दारू आली. काळी, सुटी, खसखशीसारखी.

म्हणजे सदू विसरला नव्हता. दुसरं उत्तर गळालं.

आता उरलं होतं एकच. जनीनं कुंपणाकडं बघितलं. हिरामणनं दोन्ही हातांनी मेढ धरली होती.

तुळशीरामनं चिमूटभर दारू दगडावर ठेवली, बाकीची दूर सरकवली, चिमट्यात निखारा धरून हात लांब केला.

फुर्रर्र!

पांढरा धूर उंडणीच्या पानांत चढला. दगडावर काळा डाग उरला. कुंपणाबाहेर हिरामण मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडू लागला.

हरेश्वर त्याच्याकडं जायला निघाला, तेवढ्यात तुळशीराम म्हणाला, "थांबा. अजून काय तरी हाय आत."

आकडा त्यानं पुन्हा खोल घातला. काहीतरी चिकटून बसलं होतं, थेट तळाशी, जिथं टोपीची आग आत यायचं छिद्र असतं तिथं. तो घाम येईपर्यंत ओढत राहिला. शेवटी ते निघालं. अंगठ्याएवढं, काळंपिवळं गाठोडं. कापसात गुंडाळलेलं. कापसाला हळद आणि कुंकू.

भागुबाई दोन पावलं मागं सरली. तिचा आवाज चिरकला.

"करनी! अगं बाई, करनी केली कोनी तरी! आनि खंडेनवमीला त्यांच्या घरी बाहेरचा मानूस एकच गेला व्हता!"

सगळ्यांच्या नजरा कुंपणाकडं वळल्या.

५

दुपारपर्यंत गावभर झालं. दारू ओली होती म्हणणारेच आता म्हणू लागले, दारू चांगली होती म्हणूनच तर करणी करावी लागली. आधी हिरामण निष्काळजी होता, आता चेटक्या झाला. उद्या सकाळी देवळापुढं त्याला उभं करायचं ठरलं.

"बंदूक आजच परत करतो," हरेश्वर म्हणाला.

"उद्यापर्यंत ठेवा," जनी म्हणाली. "माझ्यामुळं उघडली ती. त्याला आधी एक दोष व्हता, मी दुसरा मिळवून दिला."

ते गाठोडं तिनं तुळशीरामकडून मागून आणलं होतं. मागच्या दारी, तुळशीपलीकडं, एका करवंटीत ठेवलं होतं. भागुबाई त्या बाजूला फिरकत नव्हती.

कमळ भुकेनं उठली. जनीनं तिला पाजलं, पुसलं, आणि विचारातच फडक्यात गुंडाळू लागली. पायाकडचं टोक वर. डावी बाजू. उजवी. शेवटचं टोक...

तिचा हात थांबला.

कमळला तशीच काखेत मारून ती मागच्या दारी गेली. करवंटी उन्हात धरली. करणी तिनं माहेरी एकदा पाहिली होती. काळा दोरा, गाठीवर गाठी, टोचलेल्या टाचण्या. वाईट चिंतणारा माणूस आधी गाठ मारतो; बांधून टाकणं हाच त्याचा हेतू. इथं दोरा नव्हता, टाचणी नव्हती. एकसुद्धा गाठ नव्हती.

तिनं नखानं कापसाचा पदर उलगडला. शेवटचं टोक वरच्या अंगाला आत खोचलेलं होतं. मग उजवी बाजू. मग डावी. तळाचं टोक वर दुमडलेलं. आत लहानशी पांढरी सुपारी, कपाळावर लावावं तसा कुंकवाचा एकच ठिपका.

आणि सुपारीच्या अंगाला काहीतरी तपकिरी, चिकट. तिनं बोट लावून वास घेतला.

गूळ.

जनी तिथंच पायरीवर बसली. बाळाला निजवताना उशाशी खाऊ ठेवावा तसा गुळाचा खडा. खंडेनवमी ते कोजागिरी, ऑक्टोबरच्या उकाड्यात तो गूळ पाघळला असणार, तळाच्या छिद्रात उतरून घट्ट बसला असणार. वरून सदूनं घाईत दारू ओतली, गज ठासला. एरवी तो भरायच्या आधी गज वाजवून बघत असेलही. पण त्या पहाटे शेतात आरडाओरड चालली होती, कोण ऐकतंय नळी गाते का ते. टोपी फुटली. तिची आग गुळापाशी येऊन विझली.

नवल वाटल्यागत बघितलं, हिरामण म्हणाला होता.

जनीनं कमळला छातीशी धरलं. कोडं सुटलं होतं, आणि सुटलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटत होतं. उद्या देवळापुढं खरं सांगितलं की हिरामण सुटणार. आणि सहा वर्षांची एक पोर जन्मभरासाठी अडकणार.

६

गोदूबाई एकटीच होती. नलू शेजारी चिंचा वेचायला गेलेली. जनीनं करवंटी तिच्यापुढं ठेवली.

गोदूबाईनं कापसाचा पदर उचलला, बघितला, पुन्हा होता तसा खोचला. तिला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. रोज रात्री ती त्याच घड्या बघत होती.

"विचारलं का तिला?" जनीनं विचारलं.

"कशाला?" गोदूबाईचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता. "मला आठवतंय आता. नवमीला संध्याकाळी म्हनत व्हती, आई, देव पाटावरनं सारखा घरंगळतोय. मी म्हनलं, मग नीट ठेव जा त्याला. मी चुलीपाशी व्हते. वळूनसुदीक बघितलं न्हाय." तिनं करवंटी जवळ ओढली. "बाबा रानात जातो, बंदुकीत देव असला तर त्याला भ्या न्हाय, असं काय तरी आलं असंल मनात. आनि देवाला भूक लागू नये म्हनून गूळ. तिच्या वाटनीचाच असनार तो, जने. तिला गूळ किती आवडतो ठाऊक हाय का तुला?"

जनीनं तिचा हात धरला. दोघींच्या मधे कमळ लोळत, हातपाय झाडत, आपलीच मूठ चोखत होती.

"हिरामणभावजींना उद्या उभं करनार हायेत," जनी म्हणाली.

"ठाऊक हाय."

"मी सांगते, सुपारी आपोआप घरंगळून आत गेली."

"कापसासकट? गुळासकट? तुझी सासू ऐकंल?" गोदूबाई जरा हसली, पाच महिन्यांत पहिल्यांदा. मग हसू गेलं. "आपोआप म्हनलं की लोक शोधत बसतात. मानसाचं नाव मिळालं की थांबतात. मी येते उद्या."

"वहिनी, जन्मभर बोलतील तुमाला."

"मी मुरुडला असनार. इथं बोलू देत की माडांना." तिनं करवंटी पदराखाली घेतली. "मला ऐकू यायचं न्हाय."

७

सकाळी देवळापुढं हिरामण मान खाली घालून उभा होता. गोदूबाई बायकांच्या घोळक्यातून पुढं आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "करनी न्हाय, काय न्हाय. नवमीची सुपारी मी ठेवली नळीत. नवरा रानात जातो, देव बरोबर असावा म्हनून. वर गुळाचा खडा ठेवला. मला काय ठाऊक त्यानं छिद्र बुजतं? माझ्या हातून झालं. हिरामणभावजींचा काय संबंध न्हाय."

भागुबाई काहीतरी बोलणार होती. जनीनं तिच्याकडं नुसतं बघितलं. का कोण जाणे, भागुबाई गप्प बसली, मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "बाई गं, मायेनं केलं ते."

गोदूबाई हिरामणपुढं गेली. "पाच महिनं मी तुमाला दारात उभं केलं न्हाय. आज जेवायला या. भात नि आमटीच हाय."

हिरामण तिच्याकडं एकटक बघत राहिला. त्या घरी नवमीला त्यानं काय पाहिलं होतं, त्याला काही आठवलं की नाही, जनीला कधीच कळलं नाही. तो वाकून गोदूबाईच्या पाया पडला, एवढंच.

त्याच दुपारी तुळशीरामनं नळी गरम पाण्यानं धुतली, छिद्र तारेनं मोकळं केलं. गज सोडला तेव्हा नळी अशी खणखणून गायली की भट्टीवरचे कावळे उडाले. मग खाडीकडं तोंड करून हिरामणनंच बार काढला, त्याच्याच शिंगातल्या दारूचा. आवाज पार डोंगरापर्यंत गेला.

"मग?" हरेश्वरनं बायकोला विचारलं. "घ्यायची का न्हाय?"

"घ्यायची," जनी म्हणाली. "बंदुकीचा काय गुन्हा न्हाय. पन नळीच्या तोंडाला लाकडाचं बूच हवं, आनि आढ्याला टांगायची, कमळचा हात पोचनार न्हाय एवढी वर."

"कमळला अजून रांगता येत न्हाय."

"येईल की. तेव्हा तुमी विसराल, म्हनून आत्ताच सांगते."

दोन दिवसांनी गोदूबाईची बैलगाडी दिघीकडं निघाली. तिथून होडीनं मुरुड. जनी कमळला घेऊन वेशीपर्यंत आली. हिरामणनं गोणती चढवली, नलूला उचलून गाडीतल्या गवतावर बसवलं आणि बैलांपाशी गेला. गोदूबाई भागुबाईच्या गळ्यात पडून निरोप घेत होती.

नलूनं कमळचं टोपडं सारखं केलं. मग जनीच्या पदराला धरून तिला जवळ ओढलं, आईकडं एकदा बघितलं, आणि जनीच्या कानाशी लागून हळूच म्हणाली,

"काकी, आई म्हनते बंदुकीतली सुपारी तिनं ठेवली. मग मी ठेवलेली कुठं गेली?"